डोंगरात ठेवून आलेला दोर कोणाचा?



दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा होता. आठवीच्या वर्गात हजेरी संपली आणि मागच्या बाकावरून एक मुलगा उठून टेबलाजवळ आला. त्याने खिशातून एक चकचकीत धातूची कडी काढून माझ्यासमोर ठेवली. डोंगर चढणारे लोक दोर अडकवायला वापरतात तो कॅरॅबिनर. "सर, हा मला डोंगरात मिळाला. आता माझाच ना?"

हा मुलगा सुट्टीत मामाबरोबर कर्जतच्या बाजूला ट्रेकला गेला होता. वाटेत एका कड्याच्या पायथ्याशी, कारवीच्या झुडपांमागच्या कपारीत त्याला एक निळा प्लॅस्टिकचा ड्रम दिसला. उघडून बघितलं तर आत दोराचं भेंडोळं, दोन हेल्मेट आणि अशा दहा-बारा कड्या. आसपास चिटपाखरूही नव्हतं. त्याने एक कडी खिशात टाकली आणि मामाला काही सांगितलं नाही.

मी प्रश्न वर्गाकडे दिला. लगेच दोन तट पडले. "सर, ही चोरी आहे," असं अर्ध्यांचं म्हणणं. बाकीचे म्हणाले, "जंगलात टाकून दिलेलं सामान म्हणजे कचराच. उलट त्याने साफसफाई केली." आवाज वाढत गेला. तेवढ्यात उत्तनच्या कोळीवाड्यातून येणारी एक मुलगी म्हणाली, "सर, आमची जाळी पण समुद्रात असतात. जवळ कोणी बसलेलं नसतं. मग ती पण कचरा का?"

वर्ग शांत झाला. खरं सांगतो, मीही शांत झालो. या एका प्रश्नावर पुढे आमचे तीन तास गेले. मूल्यशिक्षण, विज्ञान आणि नागरिकशास्त्र असे तिन्ही विषय त्यात आले. तो पाठ इथे मांडतो आहे. डोंगरीत डोंगर आहे, चौकला धारावीचा किल्ला आहे, पलीकडे समुद्र आहे, त्यामुळे आमच्या मुलांना हे पटकन भिडलं. पण हा पाठ कुठल्याही शाळेत घेता येईल.

१) लोक सामान डोंगरात का ठेवतात?

मुलांना आधी दुसरी बाजू समजावून द्यावी. कपारीत ड्रम लपवणारा माणूस वाईटच असतो, असं ठरवून सुरुवात केली तर पाठ तिथेच संपतो.

वजनाचा हिशेब फळ्यावर मांडा. चढाईसाठी लागणारा दहा मिलिमीटर जाडीचा दोर मीटरला साधारण पासष्ट ते सत्तर ग्रॅम भरतो. साठ मीटरचा दोर म्हणजे चार किलोच्या आसपास. असे दोन दोर, कॅरॅबिनर, मेखा, हातोडा, हार्नेस, हेल्मेट, पाणी, शिधा हे सगळं धरलं तर प्रत्येकाच्या पाठीवर चांगलंच ओझं होतं. आपल्याकडचे बरेचसे गिर्यारोहक नोकरी-धंदा सांभाळून शनिवार-रविवारी जाणारे. शेवटची लोकल, मग एसटी किंवा टमटम, मग अंधारात दोन-तीन तासांची पायपीट. एखादा अवघड सुळका एका रविवारात होत नाही. तेव्हा मनात सहज येतं, "पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचंच आहे, मग हे ओझं खाली नेऊन परत वर कशाला आणायचं?"

हा विचार आळशी माणसाचा नाही, दमलेल्या माणसाचा आहे. म्हणून तर नैतिकतेचा प्रश्न इथे अवघड आणि शिकवण्यासारखा होतो.

२) आधी शब्द नीट लावू

वर्गातलं भांडण अर्धं शब्दांमुळे होतं. "डोंगरात राहिलेलं सामान" या एका नावाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो.

टाकलेलं: तुटका दोर, फाटका तंबू, रिकामे डबे. मालकाने त्यावरचा हक्क सोडला आहे. हा कचरा. तो उचलून आणणाऱ्याला शाबासकीच द्यावी.

ठेवलेलं: परत येऊन घ्यायच्या हेतूने लपवलेला ड्रम, पिशवी, दोर. मालक आहे, पण हजर नाही.

बसवलेलं: कातळात ठोकलेल्या मेखा, बोल्ट, कायमचे बांधलेले दोर. हे फक्त मालकासाठी राहत नाही, मागून येणारा प्रत्येक जण ते वापरतो.

मुलांना विचारा, बाहेरून बघणाऱ्याला या तिन्हींतला फरक कळतो का? बहुतेक वेळा नाही. ठेवलेलं सामान चार महिन्यांनी टाकल्यासारखं दिसतं. मालकाने सांगितलंच नाही तर बघणाऱ्याने ओळखायचं कसं? आमच्या वर्गातला पहिला निष्कर्ष मुलांनीच काढला. वस्तू ठेवणाऱ्यावर ती आपली आहे हे सांगण्याची जबाबदारी येते. नाव नाही, तारीख नाही, फोन नंबर नाही, आणि वर लपवून ठेवायचं! मग ते कोणी नेलं तर नुसता नेणाऱ्यालाच दोष देता येत नाही.

३) उत्तनच्या जाळ्यांचं उत्तर

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. उत्तन भागात डोल जाळ्यांनी मासेमारी चालते. पिशवीसारखं लांबलचक जाळं भरती-ओहोटीच्या प्रवाहाच्या तोंडावर बांधतात. प्रवाहाबरोबर बोंबील, जवळा आत येतो. जाळं पाण्यात असताना माणूस शेजारी ठाण मांडून बसत नाही. तरीही ते टाकलेलं नसतं. कोणाची जागा कुठली हे बंदरावर ठाऊक असतं. पाण्याची वेळ झाली की माणूस जाळं उचलायला हजर होतो. फाटलं तर शिवतो. जूनमध्ये पावसाळी मासेमारी बंदी लागते तेव्हा जाळी आणि होड्या किनाऱ्यावर येतात.

म्हणजे माणूस जवळ नसला तरी चालतं, पण तीन गोष्टी हव्यात: ओळख, ठरलेल्या वेळी परत येणं आणि हंगाम संपला की आवरणं. या तीनपैकी एक जरी सुटली तर काय होतं तेही मुलांना माहीत होतं. तुटून वाहत गेलेलं जाळं मालकाशिवाय मासे मारत राहतं. त्यात कासवं अडकतात. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि त्याला सोडवायला जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केली, ती याच प्रश्नातून. जाळं महाग आहे, कासवाचा जीवही महाग आहे, आणि दोन्हीचं ओझं एकट्या कोळ्यावर टाकायचं नाही, असा त्यामागचा विचार.

मुलांना आता डोंगराचा प्रश्न नव्याने दिसू लागला. कपारीतल्या ड्रमला ओळख होती का? मालक कधी येणार हे कोणाला माहीत होतं का? पावसाळ्याआधी तो आवरला जाणार होता का?

४) दोर म्हातारा कसा होतो?

इथे विज्ञानाचा तास जोडून घ्या. चढाईचा दोर नायलॉनचा असतो. त्याला दोन भाग: आतला गाभा आणि वरचं विणलेलं आवरण. भार मुख्यतः गाभा पेलतो, आवरण त्याला सांभाळतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी नायलॉनचे धागे ठिसूळ होतात. ओला दोर कोरड्याइतका मजबूत नसतो. बारीक माती आणि कातळाची कच आत शिरली की ती आतून धागे कापते. उंदीर-घुशी कुरतडतात ते वेगळंच. चांगल्या जपलेल्या, कधीच न वापरलेल्या दोरालाही बनवणारे साधारण दहा वर्षांचंच आयुष्य देतात. मग सह्याद्रीचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा उघड्यावर काढलेल्या दोराचं काय? वाईट म्हणजे गाभा खराब झाला तरी बाहेरून दोर बरा दिसू शकतो.

धातूचंही तसंच. आपण समुद्राकाठी राहतो, खिडकीच्या गजांना दर वर्षी-दोन वर्षांनी रंग का काढावा लागतो हे मुलांना सांगावं लागत नाही. थायलंडच्या रेलेसारख्या समुद्रकाठच्या कड्यांवर स्टेनलेस स्टीलचे बोल्टसुद्धा खाऱ्या हवेने आतून तडकले, म्हणून तिथे टायटॅनियमचे बोल्ट बसवावे लागले. "स्टेनलेस" या शब्दावर मुलांची एक छान चर्चा होते.

घरी करायचा प्रयोग: नायलॉनच्या एकाच बारीक सुतळीचे दोन समान तुकडे घ्या. एक कपाटात ठेवा, एक गच्चीवर उन्हात बांधा. चार महिन्यांनी दोन्हींना बादली लटकवून थोडं थोडं पाणी घाला आणि किती लिटरला तुटते ते लिहा. बादली जमिनीपासून वीतभरच वर असावी, पाय लांब असावेत आणि मोठं माणूस जवळ असावं. आलेखावर दोन खांब काढले की हजार शब्दांचं काम होतं.

५) माझी स्वतःची चूक

हे लिहू की नको असा विचार केला. पण वर्गात सांगितलं आहे, तर इथे लपवण्यात अर्थ नाही.

१९९० च्या दशकात मीही एका गटाबरोबर चढाई करायचो. मे महिन्यात आम्ही एका सुळक्याच्या खालच्या टप्प्यावर दोर बांधला, अंधार झाला म्हणून तसाच ठेवून उतरलो. "पुढच्या रविवारी येऊच." पुढच्या रविवारी कोणाचं तरी लग्न निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी पाऊस लागला. आम्ही गेलो ते थेट ऑक्टोबरमध्ये.

दोर तुटलेला होता. खाली ठाकरवाडीत पाणी प्यायला थांबलो तेव्हा कळलं, की वाडीतला एक दहा-बारा वर्षांचा मुलगा मधाच्या पोळ्यासाठी त्या दोराला धरून चढला होता. कातळाच्या धारेवर घासून घासून दोर झिजला होता, तो तिथेच तुटला. मुलगा फार उंचावरून पडला नाही. मनगट मोडलं. ते वाकडंच जुळलं होतं, आम्ही बघितलं.

आम्ही पैसे पुढे केले. त्याच्या आजीने ते घेतले. ती रागावली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमचा दोर व्हता म्हणून पोरगं चढलं. येल असती तर आधी वढून बघितली असती."

या एका वाक्याने मला जे कळलं ते कुठल्या गिर्यारोहणाच्या वर्गात कळलं नव्हतं. वाडीतली पोरं वेलीवर आंधळा भरवसा ठेवत नाहीत, कारण वेलीची जबाबदारी कोणी घेतलेली नसते. शहरातून आलेल्या, रंगीत, जाडजूड दोरावर ती भरवसा ठेवतात, कारण माणसाने बांधलेला दोर बघणाऱ्याला सांगत असतो, "धर मला, मी पेलेन." आम्ही घरी बसलो होतो आणि आमच्या नावाने तो दोर चार महिने हे वचन देत होता.

म्हणून माझ्या मते डोंगरात सामान ठेवण्याचा प्रश्न फक्त कचऱ्याचा नाही. रिकामी बाटली डोंगर विद्रूप करते, पण ती कोणाला फसवत नाही. मागे राहिलेला दोर फसवू शकतो. त्यामागे उभं राहणार असाल, म्हणजे ठरलेल्या दिवशी येऊन तपासणार, बदलणार, काढणार असाल, तरच तो ठेवायचा. नाहीतर कितीही दमला असाल तरी खाली घेऊन यायचा.

६) बहिरीची भांडी

मग सामान ठेवणं नेहमीच चूक का? नाही. आपल्याच सह्याद्रीत याचं सुंदर उदाहरण आहे.

कर्जतजवळच्या ढाकच्या डोंगरात, उभ्या कड्याच्या पोटात बहिरीची गुहा आहे. तिथे जायची वाट अवघड. कातळात कोरलेल्या खोबण्या, धरायला दोर आणि एका टप्प्याला टेकवून ठेवलेला लाकडाचा सोट. वर गुहेत पाण्याची टाकी आहेत आणि तिथे स्वयंपाकाची भांडी ठेवलेली असतात. जो येईल त्याने ती वापरावी, घासून धुवावी आणि होती तिथे ठेवावी, हा रिवाज. नेली तर बहिरी बघून घेईल, अशी समजूत.

मुलांना विचारा, इथे पहारेकरी कोण? कुलूप कुठे आहे? देवाच्या धाकाचा भाग बाजूला ठेवला तरी उरतं ते महत्त्वाचं आहे. भांडी लपवलेली नाहीत, ती सगळ्यांसाठी आहेत. नियम सोपा आहे आणि येणाऱ्याला तो माहीत असतो. आणि भांड्यावर कोणाचा जीव टांगलेला नाही. पातेल्याला पोचा पडला तर भात थोडा करपेल, माणूस मरणार नाही.

त्याच वाटेवरच्या दोराबद्दल मात्र वेगळा प्रश्न विचारायला हवा. तो शेवटचा कोणी आणि कधी तपासला? आमच्या वर्गातल्या एका मुलाने यावर चटकन सांगितलं, "सर, भांडी धुवून ठेवायचा नियम आहे, तसा दोर ओढून बघायचा नियम पाहिजे." आजीचंच वाक्य त्याच्या तोंडून आलं.

इतिहासाच्या तासाला इथे कोंढाणा आणता येतो. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे दोर लावून कडा चढले आणि तानाजी पडल्यावर सूर्याजीने ते दोर कापले, अशी कथा सांगितली जाते. "परतीचे दोर कापले" हा वाक्प्रचार त्यातूनच आपल्या तोंडी बसला आहे. आपण तो निर्धाराच्या अर्थाने वापरतो. पण विचार करा, किल्ल्याच्या कड्यावर लोंबता राहिलेला दोर शत्रूलाही तितकाच उपयोगी. दोर कोण वापरेल हे दोराला कळत नाही.

७) जगात काय झालं?

हा प्रश्न फक्त आपला नाही. थोडक्यात तीन उदाहरणं सांगावीत.

१९७० साली इटलीच्या चेझारे माएस्त्री याने दक्षिण अमेरिकेतल्या चेर्रो तोर्रे या शिखरावर इंधनावर चालणारा कॉम्प्रेसर वर ओढून नेला आणि त्याच्या जोरावर शेकडो बोल्ट ठोकले. कॉम्प्रेसर तो तिथेच कड्याला लटकता सोडून आला. २०१२ मध्ये दोन तरुण गिर्यारोहकांनी उतरताना त्यातले शंभराहून जास्त बोल्ट काढून टाकले. काहींनी त्यांची पाठ थोपटली, काही भयंकर चिडले. "चाळीस वर्षं सगळे ज्या वाटेने जात होते, ती तुम्ही कोणाला विचारून मोडलीत?" वादविवाद स्पर्धेसाठी याहून चांगला विषय मिळणार नाही. ठोकताना परवानगी घेतली नव्हती, मग काढताना लागते का?

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या इव्हॉन शुईनारचं. तो स्वतः मेखा बनवून विकायचा. मेखा ठोकून-काढून कड्यांच्या भेगा फुटत चालल्या आहेत हे दिसल्यावर १९७२ च्या आपल्या विक्रीच्या पुस्तिकेत त्यानेच गिऱ्हाइकांना सांगितलं, की मेखा टाळा, हाताने बसवून हाताने काढता येतील अशी साधनं वापरा. मेखा हा त्याच्या धंद्याचा मोठा भाग होता, हे मुलांना जरूर सांगा.

तिसरं एव्हरेस्टचं. तिथे साठलेल्या सामानामुळे नेपाळने २०१४ मध्ये नियम केला, की प्रत्येक गिर्यारोहकाने आठ किलो कचरा खाली आणावा, नाहीतर ४,००० डॉलरची अनामत जप्त. त्याच एव्हरेस्टवर खुंबू हिमप्रपातात दर हंगामात शेर्पांचं एक पथक शिड्या आणि दोर लावतं, त्यांची देखभाल करतं. त्यांना "आइसफॉल डॉक्टर" म्हणतात. तिथेही सामान मागे ठेवलेलंच असतं, पण त्याला वाली असतो.

८) डोंगराचं स्वतःचं म्हणणं

माणसामाणसांतला हिशेब झाला. पण डोंगरात आपण पाहुणे आहोत. खाऊ ठेवलेला ड्रम माकडं आणि रानडुकरं उघडतात. ताडपत्रीखाली साप आसरा घेतात, आणि ती उचलणारा हात बहुधा लहान मुलाचा असतो. सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधामुळे ही गिधाडं इतकी कमी झाली, की २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद करावं लागलं. थंडीत त्यांची वीण असते, आणि आपला चढाईचा हंगामही तोच. बांधून ठेवलेला दोर पुढच्या दहा जणांना त्याच कड्यावर बोलावतो, हे विसरू नये.

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे जायलाच परवानगी लागते. कान्हेरीसारखी लेणी १९५८ च्या कायद्याने संरक्षित आहेत. तिथल्या कातळाला खिळा ठोकणं हा गुन्हा आहे. आपल्या बोरिवलीच्या जंगलात सहल नेताना हे मुलांना आधीच सांगून ठेवावं.

९) सापडलं ते माझं?

आता कॅरॅबिनरकडे परत. कायदा काय म्हणतो? १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे, दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. म्हणजे तो तिचा राखणदार होतो, मालक नाही. आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ (पूर्वीच्या दंड संहितेचं ४०३) सांगतं, की मालकाला परत देण्यासाठी वस्तू उचलली तर गुन्हा नाही. पण मालक माहीत असताना, किंवा त्याला शोधण्याचा रास्त प्रयत्न न करता ती आपलीशी केली तर गुन्हा आहे.

मुलांना हे फार आवडलं. "सापडलं ते माझं" हे त्यांनी लहानपणापासून खेळात ऐकलेलं असतं. "सापडलं ते सांभाळायचं" हे नवीन होतं.

पण कायद्याच्या पलीकडे एक गोष्ट होती, ती मी फळ्यावर आकड्यांत मांडली. समजा त्या गटाने बारा कड्या मोजून ठेवल्या होत्या आणि बाराच्या हिशेबाने वरची चढाई ठरवली होती. पहाटे अंधारात ड्रम उघडला, न मोजता सामान अंगावर चढवलं आणि शंभर फुटांवर गेल्यावर कळलं की एक कमी आहे. वर्गात कोणी बोललं नाही. ज्याने कडी आणली होती तो खाली बघत होता.

१०) वर्गात असा घ्या

पहिला तास: एखादी वस्तू टेबलावर ठेवून गोष्ट सांगा. दोरीचा तुकडाही चालेल. मुलांना बोलू द्या, तुम्ही निकाल देऊ नका. टाकलेलं, ठेवलेलं, बसवलेलं असे तीन रकाने करून घ्या. गावातली उदाहरणं मुलांकडूनच येतात: रस्त्याकडेची पाण्याची माठ-पेला ठेवलेली पाणपोई, मैदानात ठेवलेले स्टंप, महिनोन्महिने उभी असलेली बिनमालकाची सायकल.

दुसरा तास: भूमिका वाटून द्या. दमलेला गिर्यारोहक, वाडीतला मुलगा, वनरक्षक, मागून येणारा ट्रेकर, आणि एक जण गिधाड. प्रत्येकाला दोन मिनिटं. वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलीला आम्ही गिधाड केलं होतं. तिचं बोलणं अजून आठवतं.

तिसरा तास: मुलांनी स्वतःचे नियम लिहायचे. आमच्या वर्गाचे पाच नियम असे झाले.

१. परतीची तारीख ठरली नसेल तर काही ठेवायचं नाही.
२. ठेवलं तर नाव, नंबर आणि तारीख लिहायची आणि खालच्या वाडीत सांगून यायचं.
३. ज्यावर जीव टांगला जातो ती वस्तू लोंबती सोडायची नाही.
४. पावसाळ्याआधी सगळं खाली.
५. दुसऱ्याचं सामान दिसलं तर हात लावायचा नाही, मोठ्यांना सांगायचं. दुसऱ्याच्या दोरावर कधीही चढायचं नाही.

पालकांना एक विनंती. पाचवा नियम घरी पुन्हा सांगा. हल्ली सहलीला, ट्रेकला मुलं सर्रास जातात. कड्याला बांधलेला दोर दिसला की फोटोसाठी तरी लोंबकळावंसं वाटतंच. आणि मुलाने कुठून काही उचलून आणलं, तर आधी रागावू नका. कुठून आणलं, कसं ठेवलेलं होतं, हे विचारा. रागावलं की पुढच्या वेळी वस्तू दिसत नाही एवढंच होतं, आणायची थांबत नाही.

शेवटी काय झालं?

त्या मुलाने घरी जाऊन मामाला सगळं सांगितलं. पुढच्याच रविवारी दोघं ती कडी परत ठेवायला गेले. कपार सापडली. ड्रम नव्हता. जिथे तो होता तिथे गवत गोल दबून पिवळं पडलं होतं. खालच्या वाडीत विचारलं, कोणालाच काही माहीत नव्हतं. मामाने तिथल्या एका घरी आपला नंबर देऊन ठेवला आहे. अजून फोन आलेला नाही.

कॅरॅबिनर सध्या आमच्या वर्गाच्या कपाटात आहे. मुलांनीच त्याला चिठ्ठी बांधली आहे: "मालक सापडला नाही. सांभाळायला ठेवला आहे. चढाईसाठी वापरू नये."

परवा वर्ग सुटल्यावर तो मुलगा कपाटापाशी थांबला होता. मी दिवे बंद करत होतो. तो म्हणाला, "सर, निघायच्या आधी त्यांनी मोजले असतील ना?"

मी म्हटलं, "मोजले असतील." पण मला ते माहीत नाही, आणि मला माहीत नाही हे त्यालाही कळलं होतं.